वाचनाचा आकडा, वाचनाचा नेम आणि हौजीचे तिकीट

उंबरठा (६ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

यंदा १ जानेवारीला मी एका वाचन-ॲपवर ५२ हा आकडा भरला. दर आठवड्याला एक पुस्तक, असा साधा हिशेब होता. फेब्रुवारी संपेपर्यंत १५ पुस्तके झाली आणि आपण काहीतरी मोठे करत आहोत, असे वाटू लागले. त्यानंतर कामाचा रेटा आला, मे महिन्यात एकच पुस्तक झाले आणि जुलै उजाडला तेव्हा एकूण संख्या २३ होती. ॲप उघडले की ‘तुम्ही ३ पुस्तके मागे आहात’ ही ओळ समोर यायची. कोणाचे तरी उसने पैसे थकल्यासारखी ती ओळ मला टोचत असे.

खरी गोष्ट मात्र ग्रंथालयात लक्षात आली. जूनच्या शेवटच्या शनिवारी मी इतिहासाच्या कपाटापुढे उभा होतो. दोन वर्षांपासून मनात असलेला ८१२ पानांचा एक ग्रंथ मी बाहेर काढला, शेवटचे पान उलटून पृष्ठसंख्या पाहिली आणि तो जागेवर ठेवून दिला. मग खालच्या कप्प्यातील पुस्तकांच्या कण्यांवरून अंगठा फिरवत त्यांतले सर्वांत बारीक पुस्तक ओढून घेतले. ते ९६ पानांचे निघाले. ते कशावर आहे, हे मी घरी आल्यावर पाहिले. वर्षभरात वाचलेल्या २३ पुस्तकांची यादी त्या रात्री पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली १४ पुस्तके १२० पानांच्या आतली होती.

त्याच सुमारास माळा आवरताना आजोबांची गुरुचरित्राची पोथी हाती लागली. मी फारसा धार्मिक नाही. पण सप्ताह-पारायणाची वाटणी वाचताना मी थबकलो. पहिल्या दिवशी ९ व्या अध्यायापर्यंत वाचायचे, दुसऱ्या दिवशी २१ व्या, मग २९ व्या, ३५ व्या, ३८ व्या आणि ४३ व्या अध्यायापर्यंत, आणि सातव्या दिवशी समाप्ती. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी तीनच, असे का असावे, हा प्रश्न पडला. उत्तर पोथीतच होते. पाचव्या दिवसाच्या वाट्याला येणारा ३६ वा अध्याय प्रचंड मोठा आहे. ज्याने कोणी ही वाटणी केली, त्याने अध्याय न मोजता बसणाऱ्या माणसाचा वेळ आणि घसा मोजला होता.

म्हणून आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मी चातुर्मासाचा नेम धरला. कांदा-लसूण सोडले नाही. रात्रीच्या जेवणानंतर २५ मिनिटे, बाल्कनीतल्या खुर्चीवर, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून वाचायचे, एवढाच तो नेम. पुस्तक कितीही मोठे असले तरी चालेल आणि त्या रात्री दोनच पाने झाली तरी चालतील. यंदाच्या १२० दिवसांपैकी ९ दिवस चुकले. चार महिन्यांत तीनच पुस्तके वाचून झाली; परंतु त्यांतले पहिले ते ८१२ पानांचे होते.

माझे मत असे झाले आहे की किती वाचायचे, हे ठरवणारे लक्ष्य आपल्याला पुस्तकांपासून हळूहळू दूर नेते आणि कधी व कुठे वाचायचे, हे ठरवणारा नेम जवळ आणतो. खेळ, स्पर्धा, आव्हाने यांना माझा विरोध नाही. पण त्यांची जागा नेमकी कोणती, हे मला अजून उमगलेले नाही. आपण काय करून पाहिले आहे आणि ते कुठे फसले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

ओसरी (६ नोव्हेंबर, रात्री १०:०५)

नेम उत्तम आहे. आपण तो २०२३ मध्ये धरला असता, तर त्या वर्षी अधिक श्रावण असल्यामुळे पाच महिने बसावे लागले असते. अधिकस्य अधिकं फलम्, या न्यायाने चौथे पुस्तकही पदरात पडले असते.

पावशेर (६ नोव्हेंबर, रात्री ११:२०)

धागाकर्त्यांच्या लेखनाचा आदर ठेवून हिशेब मांडतो, कारण मला तो पटलेला नाही. १२० पानांच्या आतली १४ पुस्तके सरासरी १०० पानांची धरली आणि उरलेली ९ पुस्तके १८० पानांची धरली, तर पहिल्या सहा महिन्यांत आपण सुमारे ३,००० पाने वाचलीत. चातुर्मासात ८१२ अधिक दोन पुस्तके, म्हणजे फार तर १,४०० पाने. महिन्याला ५०० पानांवरून आपण ३५० वर आला आहात. ज्या आकड्याला आपण दोष देत आहात, त्याने आपल्याकडून जास्त वाचून घेतले!

माझी कथा उलटी आहे. नोकरी लागल्यानंतर ११ वर्षे मी वर्तमानपत्र सोडून काहीही वाचले नाही. डोंबिवली ते मुंबई हा प्रवास रोज दोन्ही वेळा मिळून दोन-अडीच तासांचा होतो आणि तो सगळा वेळ मोबाइल खात होता. एका मित्राने गुडरीड्स या वाचनाची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर वार्षिक आव्हान घेतलेले पाहिले आणि चढाओढीने मीही घेतले. तिथे आपला आकडा आपणच ठरवायचा असतो आणि तो वर्षाच्या मध्येही बदलता येतो. मी ५२ न लिहिता १२ लिहिले. पहिल्या वर्षी ९ झाली, दुसऱ्या वर्षी १४. पुस्तक संपल्यावर ‘वाचले’ या कप्प्यात टाकताना जो क्षुल्लक आनंद होतो, त्याची मला गरज होती, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. जो वाचतच नाही त्याला नेम कोणी सांगायचा? त्याला आधी दारात आणावे लागते.

५२ या आकड्याबद्दल एवढेच म्हणतो की तो लिहिण्याआधी भागाकार करावा. २०० पानांची ५२ पुस्तके म्हणजे १०,४०० पाने; रोजची साडेअठ्ठावीस पाने, आजारपण, लग्नसराई आणि गणपती धरून. माझ्या गतीने तो रोजचा तासभर होतो. ज्याला तासभर मिळत नाही, त्याने ५२ लिहिणे म्हणजे स्वतःला नापास करण्याची सोय आधीच करून ठेवणे आहे.

उंबरठा (७ नोव्हेंबर, सकाळी ७:१५)

पावशेर, हिशेब बिनतोड आहे आणि मी तो केला नव्हता, हे कबूल करतो. एकच भर घालतो. त्या ३,००० पानांपैकी जवळपास दोन हजार पहिल्या दोन महिन्यांतली होती. मार्च ते जूनमध्ये जे वाचले, ते थकबाकी भरल्यासारखे वाचले. त्या काळातल्या पुस्तकांपैकी चारांची तर नावे वाचूनही आतले काही आठवत नाही. चातुर्मासातला आलेख मात्र सपाट आहे. श्रावणात जितके वाचले, तितकेच आश्विनात. तरीही ‘दारात आणण्यासाठी आकडा’ हा आपला मुद्दा मला स्वीकारावा लागेल.

चिंचेचा_पार (७ नोव्हेंबर, दुपारी २:३०)

खेळाची जागा कोणती, या प्रश्नाला आमच्या घराने दिलेले उत्तर लिहिते. ते जरा लांबेल.

आमच्या एकत्र कुटुंबात दिवाळीत सगळे जमले की हौजी खेळण्याची जुनी प्रथा आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने त्याच तिकिटावर पुस्तके बसवली. हौजीच्या तिकिटावर तीन ओळी आणि नऊ स्तंभ, म्हणजे २७ चौकोन असतात. त्यांतल्या प्रत्येक ओळीत पाच, असे १५ चौकोन भरलेले आणि बाकीचे रिकामे असतात. तिने त्या १५ चौकोनांत अंकांऐवजी पुस्तकांचे प्रकार लिहिले. आपल्या जिल्ह्यातल्या लेखकाचे पुस्तक, कन्नडमधून मराठीत आलेले पुस्तक, मोठ्याने वाचलेले एक नाटक, एक कवितासंग्रह, रोज एकच कविता या गतीने, आपल्या जन्मवर्षी प्रकाशित झालेले पुस्तक, विज्ञानावरचे काहीही, पत्रसंग्रह, शेजाऱ्याकडून मागून आणलेले पुस्तक, मराठी विश्वकोशातल्या पाच नोंदी, जाहिरातींसकट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला एक दिवाळी अंक, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ‘ज्या विषयाचा कंटाळा येतो, त्यावरचे पुस्तक’. उरलेले चौकोन दर वर्षी बदलतात. प्रत्येकाच्या तिकिटावर प्रकार तेच असतात, जागा मात्र वेगळ्या असतात, त्यामुळे कोणाची ओळ कशाने पूर्ण होईल, हे सांगता येत नाही.

बक्षिसे नेहमीचीच ठेवली: जल्दी पाच, चार कोपरे, तिन्ही ओळी आणि फुल हाऊस. मुदत एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत. ओळ जिंकणाऱ्याला घरातल्या इतरांनी वर्गणी काढून त्याच्या आवडीचे पुस्तक द्यायचे.

पहिल्या वर्षी लबाड्या झाल्या. माझ्या धाकट्या दिरांनी तीन महिन्यांत ‘जल्दी पाच’ची आरोळी ठोकली आणि चौकशी केल्यावर कळले की त्यांनी पाचही पुस्तकांच्या प्रस्तावनाच वाचल्या होत्या. तेव्हापासून एक नियम आला. ज्याने चौकोन खोडला, त्याने रात्रीच्या जेवणावेळी पुस्तक हातात न घेता तीन मिनिटे त्याविषयी बोलायचे आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने तरी ‘मला दे’ म्हटले पाहिजे. तसे कोणी म्हटले नाही, तर चौकोन खोडता येतो. पण त्यावर ‘कोरडा’ असा शेरा बसतो. कोरडे चौकोन बक्षिसाला चालतात, फक्त चेष्टा होते. या एका नियमाने खेळाचा सगळा रंगच पालटला, कारण मग माणसे सांगण्यासारखे काही मिळेल, अशी पुस्तके शोधू लागली.

आमच्या आत्यांना, ज्यांनी आयुष्यभर क्रिकेटवर तोंडसुख घेतले, कंटाळ्याच्या चौकोनासाठी एका क्रिकेटपटूचे चरित्र वाचावे लागले. त्या तीन मिनिटांऐवजी वीस मिनिटे बोलल्या आणि आता कसोटी सामना लागला की घरात कोणी टीव्हीसमोरून हलायचे नाही, असा त्यांचा दंडक आहे.

मला यातून जाणवले ते असे, की आमच्या तिकिटाने आम्हाला फार ‘जास्त’ वाचायला लावले नाही. वर्षाला १५ पुस्तके हा आकडा मोठा नाही. पुढचे कोणते पुस्तक घ्यावे, या प्रश्नापाशी माणूस जो अडतो आणि अडल्यावर मोबाइल उचलतो, ती अडचण तिकिटाने काढून टाकली.

पावशेर (७ नोव्हेंबर, दुपारी ३:१०)

‘कोरडा’ हा शेरा माझ्या कार्यालयातही लागू करण्याजोगा आहे. तिकीट आजच बनवतो.

खडूफळा (७ नोव्हेंबर, रात्री ८:५०)

मी प्राथमिक शिक्षिका आहे. मोठ्यांच्या बाबतीत खेळ आणि बक्षिसे निरुपद्रवी असतील. मुलांच्या बाबतीत मात्र थोडे जपून राहावे, असे अनुभवाने सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते, तिथे १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापासून दोन महिन्यांची स्पर्धा ठेवली होती. जो सर्वांत जास्त पुस्तके वाचेल आणि प्रत्येकावर पाच ओळींचा अभिप्राय लिहील, त्याला ढाल मिळणार होती. दुसरीतल्या एका मुलाने ६४ पुस्तके ‘वाचली’. त्याच्या वहीतले अभिप्राय मी तपासायला घेतले, तेव्हा प्रत्येक अभिप्राय पुस्तकाच्या मलपृष्ठावरून जसाच्या तसा उतरवलेला होता; एका ठिकाणी तर त्याने पुस्तकाची किंमतही उतरवली होती. मुलाला मी दोष देत नाही. आम्ही जे मोजले, तेच त्याने दिले. मला खरा धक्का नंतर बसला. स्पर्धा संपल्यावरच्या आठवड्यात वाचनपेटीभोवती, स्पर्धेआधी असायची तेवढीही मुले नव्हती.

मानसशास्त्रात या प्रकारावरचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका बालवाडीत ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांचे तीन गट केले. एका गटाला ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, दुसऱ्याला न सांगता नंतर अचानक प्रशस्तिपत्र दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा पहिल्या गटातली मुले त्या पेनांकडे इतर दोन गटांच्या मानाने निम्म्याच्या आसपास वेळ फिरकली. अचानक मिळालेल्या कौतुकाने मात्र काही बिघडले नव्हते. यावरून बक्षीस वाईटच असते, असा अर्थ काढू नये. ज्याला आवड नाही, त्याला सुरुवातीला बक्षिसाचा हात लागतो. ज्याला आवड आहे, त्याच्यासमोर आधीच आमिष ठेवले, तर तो स्वतःच्या आवडीला काम समजू लागतो.

त्या अनुभवानंतर मी वर्गात मोजणे सोडून दिले आणि चिठ्ठ्या सुरू केल्या. पुस्तक वाचून झाले की पुढच्या वाचकासाठी दोन बोटांएवढ्या कागदावर एक वाक्य लिहायचे आणि ती चिठ्ठी पुस्तकाच्या मागच्या खिशात सरकवायची. ‘पान १७ वर कुत्रा हरवतो, पण घाबरू नकोस.’ ‘यातली आजी माझ्या आजीसारखी बोलते.’ एका चिठ्ठीवर फक्त ‘शेवट आधी बघू नको, मी बघितला’ एवढेच लिहिलेले होते. मुले आता आधी मागचा खिसा तपासतात आणि ज्यात चिठ्ठी नाही, त्या पुस्तकात पहिली चिठ्ठी ठेवण्यासाठी चुरस लागते. यालाही खेळच म्हणावे लागेल. पण तो पुस्तकाच्या आत खेळला जातो.

अंगणवेल (७ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

खडूफळा ताई, माझ्या सात वर्षांच्या मुलीसाठी मी भिंतीवर ‘वाचनाचे झाड’ काढले आहे. एक पुस्तक झाले की ती एक पान चिकटवते. हेही काढून टाकावे का? तिला पाने चिकटवायला फार आवडते.

खडूफळा (७ नोव्हेंबर, रात्री ९:४५)

अजिबात काढू नका. फक्त ‘२० पाने झाली की सायकल’ असा करार त्या झाडाशी करू नका. शक्य असेल तर त्याच झाडावर तुमच्या वाचनाचीही पाने, वेगळ्या रंगाची, लावा. आईची फांदी ओकीबोकी दिसली की ती तुम्हालाच वाचायला बसवेल.

नेकरच्या_काठी (८ नोव्हेंबर, पहाटे २:१०)

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. आमच्याकडे मराठी वाचनाची अडचण वेगळी आहे. इथे पुस्तकच विमानातून येते. भारतभेटीत सुटकेस भरून आणलेली पुस्तके पुढच्या भेटीपर्यंत पुरवायची असतात आणि प्रत्यक्षात उलटे घडते, अर्धी न वाचलेली पडून राहतात. जपानी भाषेत पुस्तके आणून न वाचता रचून ठेवण्याला ‘त्सुन्दोकु’ असा स्वतंत्र शब्दच आहे, हे कळल्यावर निदान आपण एकटे नाही, असे वाटले. आमच्या चार मराठी घरांनी म्हणून ‘सुटकेस रिकामी’ असे आव्हान घेतले आहे. ज्याची न वाचलेली पुस्तके गेल्या वेळेपेक्षा कमी असतील, त्यालाच पुढच्या सहलीत पुस्तकांसाठी पाच किलो वजन मिळेल; बाकीच्यांच्या बॅगेत लोणची आणि भाजणी. नवरे मंडळींचा या नियमाला मनापासून पाठिंबा आहे, त्यामागचे कारण वाचन नसावे.

दुसरे आव्हान मी एकटीच करते. ॲन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेने २०१२ या वर्षात जगातल्या १९६ देशांमधले प्रत्येकी एक पुस्तक वाचायचे ठरवले होते. आपल्या कपाटात जवळजवळ सगळी पुस्तके इंग्रजीत लिहिलेलीच आहेत, हे लक्षात आल्यावर तिने ते घेतले. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या देशाचे काहीच इंग्रजीत नव्हते, तेव्हा अनोळखी स्वयंसेवकांनी तिच्यासाठी एक पुस्तक भाषांतरित करून दिले. मला त्या आव्हानाचा आकडा नाही, दिशा आवडली. मी माझ्यासाठी ते बेताचे करून घेतले: साहित्य अकादमीची मान्यता असलेल्या २४ भाषांपैकी मराठी सोडून उरलेल्या २३ भाषांमधले प्रत्येकी एक पुस्तक, मराठी अनुवादातून. मुदत ठेवलेली नाही. तीन वर्षांत ९ भाषा झाल्या. कन्नड, बंगाली, उर्दू सहज झाल्या; डोगरी आणि बोडोसाठी पुण्यातल्या बहिणीला दुकाने पालथी घालावी लागत आहेत. परिणामी पुस्तक हाती येते तेव्हा ते बाजूला ठेवण्याचे धाडस होत नाही. शोधण्याची दगदग हीच माझी प्रेरणा ठरली आहे, हे लिहिताना मलाच हसू येते.

ओसरी (८ नोव्हेंबर, सकाळी ८:००)

एक व्यावहारिक शंका. ऐकलेले पुस्तक मोजावे का? चालताना मी बरीच मराठी पुस्तके ऐकतो आणि घरात यावरून वाद आहे.

देवघेव (८ नोव्हेंबर, सकाळी १०:४०)

मी जिल्हा पातळीवरच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ३१ वर्षे देवघेव विभागात होतो. ऐकलेल्या पुस्तकाविषयी माझे मत विचाराल तर, मोजत असाल तर मोजा; ज्या समाजाने पोथी सांगणारा एक आणि ऐकणारे पन्नास, अशा पद्धतीने शतके काढली, त्याला हा प्रश्न पडू नये.

टेबलापलीकडून मला जे दिसले, ते सांगतो. जानेवारीत नवे सभासद येत, एकाच वेळी दोन-दोन पुस्तके मिळणारी वर्गणी भरत आणि मार्चपर्यंत त्यांची कार्डे थंड पडत. याउलट एक पुस्तकाची वर्गणी भरणारे आणि ठरावीक वारी येणारे सभासद वर्षानुवर्षे टिकत. मंगळवारी भाजी आणायला निघाले की पुस्तक बदलून जाणाऱ्या बायका, पेन्शनच्या दिवशी येणारे गृहस्थ. त्यांच्यापैकी कोणीही ‘मी वाचनाचे लक्ष्य ठेवले आहे’ असे म्हटले नसते. त्यांनी वाचन दुसऱ्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाच्या गाठीला बांधलेले होते. धागाकर्त्यांची बाल्कनीतली खुर्ची हा त्यातलाच प्रकार आहे.

परतीची तारीख हे तर ग्रंथालयाने शोधलेले सर्वांत जुने आव्हान. पुस्तकाच्या आत चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्का मारला की माणूस पंधरा दिवसांच्या शर्यतीला लागतो आणि दंड काही पैशांचाच असला तरी तो टाळण्यासाठी धडपडतो. विकत घेतलेल्या पुस्तकाला ही धार नसते. घरातल्या न वाचलेल्या पुस्तकांना आतल्या पानावर पेन्सिलीने परतीची तारीख घालावी आणि त्या दिवशी ते पुस्तक खरोखरच दुसऱ्याला देऊन टाकावे, असे मी अनेकांना सुचवले. दोघांनी केले. त्यांपैकी एकाने तारीख खोडून मुदत वाढवून घेतली, तीही स्वतःकडूनच.

आणि दिवाळी अंक योजनेला आपण विसरू नये. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला वर्षातून एकदा मुदतबंद वाचनाची सवय आहे. ठरावीक रक्कम भरून ग्रंथालयातले दिवाळी अंक पाळीपाळीने घरी न्यायचे आणि गुढीपाडव्यापर्यंत संपवायचे. ज्या अंकाला मागणी जास्त, त्यासाठी रांग आणि एकमेकांवर पाळत! कितीतरी पुस्तक-भिशा याच सवयीतून सुरू झालेल्या मी पाहिल्या. दहा-बारा जणी दरमहा ठरावीक रक्कम काढतात, चिठ्ठी निघेल तिने त्या रकमेची पुस्तके आणायची आणि पुढच्या महिन्यापर्यंत ती सगळ्यांच्या घरांतून फिरायची. आपल्यामुळे पुस्तक पुढच्या घरी जायचे अडले आहे, ही जाणीव कोणत्याही ॲपच्या आठवणीपेक्षा तीव्र असते.

पावशेर (८ नोव्हेंबर, दुपारी १:०५)

देवघेव काका, अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचे काय करावे? आकडा ठेवणाऱ्यांची मोठी पंचाईत तिथेच होते. १८० पाने वाचून नावडलेले पुस्तक सोडले, तर ती पाने वाया जातात, म्हणून रडतखडत शेवट गाठला जातो आणि त्यात तीन आठवडे जातात.

देवघेव (८ नोव्हेंबर, दुपारी १:५०)

सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम मला फार आवडतो. वय पन्नास किंवा त्याखाली असेल, तर पुस्तकाला ५० पानांची संधी द्यावी. वय पन्नाशीपुढे गेले की १०० मधून आपले वय वजा करावे आणि उरतील तेवढीच पाने वाचून निर्णय घ्यावा. माझे वय ६८ आहे. माझ्याकडे कोणत्याही लेखकाला ३२ पाने मिळतात. शंभरी गाठलेल्या वाचकाला मुखपृष्ठ पाहून पुस्तक नाकारण्याचा अधिकार मिळतो. सोडलेल्या पुस्तकांची मी वहीत वेगळी यादी ठेवतो आणि त्यापुढे पान क्रमांक लिहितो. त्यांतली चार पुस्तके पुढे दहा-बारा वर्षांनी मी अतिशय आवडीने पूर्ण केली आहेत.

अंगणवेल (८ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०)

उंबरठा, आपले ९ दिवस चुकले, असे लिहिले आहे. त्यानंतर पुन्हा बसणे कसे जमले? माझी साखळी तीनदा तुटली आणि प्रत्येक वेळी महिनाभर पुस्तकाला हात लावला नाही. ॲपवर ४१ दिवसांची सलग नोंद होती, ती एका रात्री शून्य झाली, तेव्हा अक्षरशः रडू आले.

उंबरठा (८ नोव्हेंबर, रात्री ९:१०)

चुकलेल्या ९ पैकी ५ दिवस गणपतीतले होते आणि बाकीचे तापाचे. मीही पहिल्या वेळी खट्टू झालो होतो. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लंडनमधला एक अभ्यास तेव्हा वाचनात आला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांतली एखादी कृती रोज ठरावीक प्रसंगी करायची ठरवली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे पाहिले गेले. सरासरी ६६ दिवस आले; पण कोणाला १८ दिवस पुरतील आणि कोणाला २५४ लागतील, एवढा फरक होता. त्यात माझ्या उपयोगाची गोष्ट अशी निघाली की मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारसा खंड पडत नाही. वाचन त्या अभ्यासात नव्हते, तरी मी ते निर्धास्तपणे स्वतःला लागू केले.

सलग दिवस मोजणारी नोंद मात्र मी बंद केली. आपल्याकडे पारायणात सोयर-सुतक आले, तर काय करायचे, याची वाट आधीच सांगितलेली असते. ॲपला सोयर-सुतक कळत नाही. आता कॅलेंडरवर वाचलेल्या दिवसापुढे पेन्सिलीची एक रेघ मारतो. दुधाच्या हिशेबासारखी. न घेतलेल्या दिवसाचे पैसे लागत नाहीत.

धाग्यातून मी दोन गोष्टी उचलतो आहे. पावशेर यांच्यासाठी आकडा परत आणतो, पण पुढील वर्षी तो १२ असेल. आणि कार्तिकी झाल्यामुळे नेम संपला असला, तरी खुर्ची बाल्कनीतच ठेवली आहे. थंडीमुळे शाल तेवढी वाढली.

चिंचेचा_पार (९ नोव्हेंबर, सकाळी ११:३०)

नव्या वर्षाची तिकिटे काल वाटली आणि पहिला वाद आजच उभा राहिला. आत्यांनी विज्ञानाचा चौकोन खोडल्याचे जाहीर केले. पुस्तक लोणची, पापड आणि आंबवलेल्या पदार्थांचे आहे. ‘मीठ पाणी का ओढून घेते, हे त्यात नीट समजावले आहे, मग ते विज्ञान नाही तर काय?’ असा त्यांचा युक्तिवाद आहे. तीन मिनिटांच्या भाषणानंतर चार जणांनी ‘मला दे’ म्हटले. त्यामुळे ‘कोरडा’ शेरा मारता येत नाही. दिरांनी हरकत नोंदवली आहे आणि निकाल रविवारच्या जेवणापर्यंत राखून ठेवला आहे.

पावशेर (९ नोव्हेंबर, दुपारी १२:१५)

आत्यांच्या बाजूने माझे एक मत टपालाने धरावे. त्या पुस्तकाचे नाव मात्र कळवावे.